कॉफीनंतरचा चहा

आमच्या गल्लीत कॉफीवरून वाद झाला की निकाल माझ्याकडे लागतो. बढाई मारत नाही, तशी पद्धतच पडली आहे. कुणाची सून नवी आली, तिची कॉफी पाणचट झाली, की सासू तिला माझ्याकडे धाडते. "ताममावशीकडे जा, बघून ये." ती येते, बघते, आणि घरी जाऊन पुन्हा पाणचट करते, कारण बघणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं.

बर्फाच्या कॉफीत अवघड काही नाही. ग्लासात आधी डब्यातलं घट्ट गोड दूध घालायचं, दोन बोटं. त्यावर पत्र्याची टोपीसारखी गाळणी ठेवायची, तिला आम्ही फिन म्हणतो. फिनमध्ये लोणी घालून काळी भाजलेली कॉफी, त्यावर भोकांची चकती. चकती दाबायची, पण कॉफीचा जीव गुदमरेल इतकी नाही. पहिलं पाणी फक्त कॉफी फुगण्यापुरतं. ती फुगली, वास सुटला, की बाकीचं. मग हात मांडीवर ठेवून बसायचं. थेंब त्यांच्या मर्जीनं पडतात. शेवटचा थेंब पडला की गरम असतानाच दूध तळापासून ढवळून घ्यायचं. आधीच बर्फ टाकलात तर दूध डिंकासारखं तळाला चिकटतं, मग बसा चमचा आपटत. बर्फ सगळ्यात शेवटी, आणि तिथं हात आखडायचा नाही. ग्लास काठोकाठ भरला पाहिजे.

एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवरून यंदाच्या एप्रिलात माझ्या मुलाचं लग्न मोडता मोडता राहिलं.

माझा मुलगा खिएम लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं उयेन नावाच्या मुलीवर मन बसलं. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे, इथंच सायगॉनमध्ये खोली घेऊन राहते, पण माहेर हनोईचं. मुलगी मला पहिल्या भेटीतच आवडली. मासे साफ करताना नाक धरत नाही, आणि जे वाटतं ते तोंडावर सांगते. "मावशी, तुमच्या सुपात साखर जास्त आहे," असं मला म्हणाली. माझ्या घरात बसून, माझं सूप पिताना! मी त्याच दिवशी खिएमला सांगितलं, ही हातची घालवलीस तर तू पण घरी येऊ नकोस.

अडचण होती तिच्या वडिलांची. होआन त्यांचं नाव. सगळा जन्म रेल्वेत गेला, आता निवृत्त. एकुलती एक मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला द्यायची हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "आम्ही येतो, घर बघतो, मग काय ते बोलू." आणि उयेननं खिएमला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की बाबा नाही म्हणाले तर ती खूप रडेल, पण त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. म्हणजे सगळं त्या एका भेटीवर आलं होतं.

ते येणार त्या सकाळी खिएम स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे घुटमळत होता.

"आई, ते हनोईचे लोक. आल्या आल्या गरम चहा दे."

"का? आजारी आहेत?"

"तिकडे तशी रीत आहे. पाहुणा टेकला की आधी चहा."

"आणि इकडे रीत नाही वाटतं? बाहेर डांबर वितळतंय आणि मी माणसाच्या हातात उकळता चहा देऊ? पाहुणचार करायचाय की सूड घ्यायचाय?"

"आई, एक दिवस त्यांच्या पद्धतीनं..."

"तू मला पाहुणचार शिकवू नकोस. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! जा, बर्फ घेऊन ये. आणि बघून आण, अर्धं पाणी झालेला नको."

माझा नवरा लान पायरीवर बसून पायाची नखं कापत होता. तो म्हणाला, "अगं, दोन्ही दे ना. चहापण, कॉफीपण."

"तुम्ही नखं कापा," मी म्हटलं.

पाहुणे आले तेव्हा ऊन डोक्यावर चढलं होतं. होआन उंच, काटकुळे, पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दारात बूट काढले तेसुद्धा रुळावर डबे लावावेत तसे एका ओळीत. त्यांची बायको न्या, गुबगुबीत, हसरी, पण नवऱ्याकडे बघून हसणारी. उयेन मधे उभी होती आणि तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता. होआन खुर्चीत बसले. हातातली कापडी पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली.

"पिशवी द्या भाऊ, आत ठेवते," मी म्हटलं.

"असू दे ताई. असू दे."

मला वाटलं, आगगाडीची सवय. सामान सोडत नाहीत.

मी कॉफी आतून करून आणली नाही. समोरच मांडली, त्यांना दिसावी म्हणून. ग्लास ओळीनं, त्यावर फिन, किटलीतून पाणी. लपवण्यासारखं आहे काय माझ्याकडे? थेंब पडू लागले. न्यावहिनी पंख्याखाली पदरानं वारा घेतल्यासारखा रुमाल हलवत होत्या. होआन थेंबांकडे बघायचे, मग कपाटावरच्या चहाच्या किटलीकडे बघायचे, पुन्हा थेंबांकडे. लान त्यांच्याशी गाडीबद्दल बोलत होता. किती वेळ लागला, झोप लागली का, डब्यात जेवण कसं. होआन एका शब्दात उत्तरं देत होते. नमनालाच घडाभर तेल जात होतं आणि मूळ विषयाला कुणी हात घालत नव्हतं.

मी ढवळलं, बर्फ फोडला, ग्लास काठोकाठ भरले आणि एक होआनच्या हातात दिला.

होआननी ग्लास उजेडात धरून बघितला. "ताई, यातला बर्फ काढला तर कॉफी किती उरेल?"

"काढताय कशाला? सावकाश प्या. बर्फ वितळतो, कॉफी वाढते, गप्पा वाढतात."

"आमच्याकडे कॉफी कॉफीइतकीच असते."

"तुमच्याकडे थंडीही पडते, भाऊ. आम्हाला ती ग्लासात घालून घ्यावी लागते."

न्यावहिनी खुदकन हसल्या. ते हसले नाहीत. त्यांनी कॉफी दोन-तीन दमांत संपवली. मी बघतच राहिले. आमच्याकडे एक ग्लास घेऊन माणूस सकाळ काढतो. यांनी औषध घेतल्यासारखी घेतली. पण संपली ती संपली. मी काय करणार? कुणाही घरी जे करतात तेच केलं. रिकामा ग्लास उचलला आणि त्या जागी बर्फ घातलेल्या पातळ चहाचा उंच ग्लास ठेवला.

होआननी त्या ग्लासाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पिशवी काखेत मारली आणि उभे राहिले.

"बरं. येतो आम्ही."

"येतो म्हणजे?" लान गोंधळला. "जेवण व्हायचंय. बोलणं व्हायचंय."

"कळलं आम्हाला. चल गं."

"बाबा!" उयेन म्हणाली.

त्यांनी बूट घातले, लेस बांधल्या, त्यासुद्धा नीट गाठी मारून, आणि निघाले. न्यावहिनी आमच्याकडे वळून वळून बघत त्यांच्या मागे गेल्या. उयेन भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. खिएम तिच्याशेजारी बसला, आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याच्या पाहुण्यांना काठीनं हाकललंय.

"चहा दे म्हणालो होतो," तो म्हणाला.

"दिला की! आत्ता काय पाजत होते, विष?"

कुठं माशी शिंकली ते मला कळेना. माणसाला माझी कॉफी आवडली नसेल, ठीक आहे, गाढवाला गुळाची चव काय. पण कॉफीवरून कुणी मुलगी नाकारतं का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो चहाचा ग्लास तसाच उचलला आणि घरातल्या चपलांनीच निघाले. माफी मागायला नाही, भांडायला.

ते गल्लीच्या तोंडाशी कॉफीच्या ठेल्याजवळ टॅक्सीची वाट बघत उभे होते.

"भाऊ, थांबा. नाही म्हणायचं तर नाही म्हणा. पण कारण सांगून जा. माझ्या मुलात काय कमी आहे?"

होआन वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती.

"तुमच्या मुलात? ताई, नाही तुम्ही म्हणालात."

"मी?"

"आम्ही एवढ्या लांबून आलो. बसलो. चहा विचारला नाहीत. ठीक आहे, म्हटलं, गरमी आहे. कॉफी दिलीत. ती संपते न संपते तोच तोंड धुवायला चहा पुढे केलात. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच, झालं, उठा आता. मला काय एवढंही कळत नाही?"

मला आधी हसू आलं, पण माणूस खरंच दुखावला होता.

न्यावहिनी हळूच म्हणाल्या, "अहो ताई, हे हिरव्या पोह्यांच्या वड्या घेऊन आलेत. आमच्याकडे साखरपुड्याला देतात त्या. हनोईहून मांडीवर घेऊन आले, मला हात लावू दिला नाही. चहा आला की उघडायची होती पिशवी. वड्या चहाबरोबरच खायच्या असतात ना."

"तू गप्प बस," होआन म्हणाले.

म्हणजे माणूस हो म्हणायला आला होता. पिशवीत होकार घेऊन बसला होता, आणि मी त्याला कॉफीवर व्याख्यान देत होते. तरी माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. चहा काय सांगतो हे त्यांना माहीत नव्हतं, तो काही माझा दोष नाही.

"भाऊ, इकडे या," मी म्हटलं आणि त्यांना ठेल्याकडे वळवलं. "ही माणसं बघा. यांच्यापुढे काय आहे?"

बुटक्या स्टुलांवर पाच-सहा जण बसले होते. प्रत्येकापुढे कॉफीचा रिकामा ग्लास आणि शेजारी चहाचा भरलेला. मोटरसायकलवर भाडी मारणारा थाव तर गाडीवरच आडवा होऊन घोरत होता, डोक्यावर टोपी, आणि हाताशी चहा.

"ए थाव, ऊठ!"

"कोण मेलं?" थावनं टोपी बाजूला केली.

"कॉफी कधी प्यायलास?"

"सकाळी."

"आणि अजून इथं काय करतोयस?"

"चहा आहे ना मावशी." त्यानं ग्लास दाखवला. "चहा दिलाय म्हणजे बस म्हणतात. हा संपला की अजून ओततील. का, उठायचंय का मला?"

"झोप."

तो पुन्हा आडवा झाला. होआन त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी प्रत्येक ग्लासाकडे एकेक करून बघितलं, डब्यांची तपासणी करावी तसं.

"इथं हा चहा म्हणजे बसा?" त्यांनी विचारलं.

"बसा. हवं तितकं बसा. तुम्ही कॉफी गटकन संपवलीत, मी घाबरले की हा माणूस उठतो की काय. म्हणून पळत चहा आणला."

न्यावहिनींनी तोंडावर रुमाल धरला आणि त्या अशा हसल्या की रस्त्यावरचं माणूस वळून बघायला लागलं. टॅक्सी आली. होआननी तिला हात हलवून परत पाठवलं.

घरी आलो. उयेन धडपडत उठली. होआननी पुन्हा बूट काढले, पुन्हा ओळीत लावले, आणि बाह्या दुमडल्या.

"ताई, एक फिन द्या मला. आता माझ्या हातची घ्या."

माझ्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कॉफी कुणी केलेली नाही. पण मी दिली. चहापेक्षा किटली गरम, असं मनात म्हटलं आणि बाजूला उभी राहिले. दूध त्यांनी इतकं कमी घेतलं की मला वाटलं डबा संपेल म्हणून घाबरताहेत. कॉफी मात्र दाबून भरली. चकतीवर अंगठा ठेवला, पाणी घातलं. हात चांगला होता. ते मी मान्य करते, हात चांगला होता.

थेंब पडायला लागले, आणि ते थेंबांकडे बघतच बोलले.

"मी चिडून उठलो असं वाटलं ना सगळ्यांना? चिडलो नव्हतो ताई. घाबरलो होतो."

"कशाला?"

"मी जन्मभर सिग्नल वाचले. लांबून, धुक्यात, पावसात. कधी चूक झाली नाही. आणि इथं हातभर अंतरावरचा एक ग्लास मला वाचता आला नाही." त्यांनी उयेनकडे बघितलं. "मग मला वाटलं, या पोरीला कसं कळायचं? इथं कुणी जा म्हणालं तर कळेल का? आणि रहा म्हणालं तर तरी कळेल का? आम्ही इतक्या लांब. विचारणार कुणाला?"

उयेन काहीतरी बोलणार होती. मी तिला हातानं थांबवलं. हे उत्तर माझं होतं.

"भाऊ, माझ्या घरात कुणाला जा म्हणायचं असेल तर मी ग्लासानं सांगत नाही. तोंडानं सांगते. गल्लीत कुणालाही विचारा."

"मला तीनदा सांगितलंय," लान म्हणाला. खिएम हसला. होआनसुद्धा थोडे हसले, पण त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही.

"आणि रहा म्हणायचं असेल तर?"

खरं सांगते, रहा असं मी कुणालाच तोंडानं म्हटलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, आजारी होती तेव्हा माझ्या आईलासुद्धा नाही. मी कॉफी करते. बर्फ घालते. चहा ओतते, संपला की पुन्हा ओतते. समोरच्याला कळतं. इतकी वर्षं सगळ्यांना कळत आलं.

"ते काय बोलायला लागतं का?" मी म्हटलं.

"आमच्या घरात नाही लागत," होआन म्हणाले. "तुमच्याही नाही. पण या दोन्हींच्या मधे जी राहणार आहे, तिला लागेल."

फिनमधून शेवटचा थेंब पडला. मी उयेनकडे वळले. ती भिंतीशी उभी होती, नाक लाल, केस विस्कटलेले, आणि मला एकदम दिसलं की ही पोरगी माझ्या सुपाला नावं ठेवते तेव्हा ती इथलीच होऊ बघत असते, आणि मी दरवेळी तिला नुसती अजून एक वाटी वाढून मोकळी होते.

"उयेन," मी म्हटलं. "तू रहा. इथं. मला तू हवी आहेस. खिएमसाठी नाही म्हणत, तो त्याचं बघेल. मला हवी आहेस."

ती मोठ्यानं रडली, लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून. न्यावहिनींनी तिला धरायच्या आधी मी धरलं. खिएमनं डोळे पुसायला टेबलावरचं फडकं उचललं, त्यानं मी सकाळी मासे पुसले होते. त्याच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलंही नाही.

होआननी कॉफी ढवळली. खडे मोजावेत तसे मोजके दोन-तीन बर्फाचे तुकडे टाकले, ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या विहीणबाई," ते म्हणाले.

कॉफी चांगलीच कडू होती. मी तळापर्यंत प्यायले.